जकार्ता २०१८ : आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारतीय कबड्डीच्या पराभवाचे प्रकरण

२० ऑगस्ट २०१८ रोजी जकार्त्यातील तामन मिनी परिसरातल्या गरुडा थिएटरमध्ये दक्षिण कोरियाच्या पुरुष संघाने साखळी सामन्यात भारताला २४-२३ असे हरवले आणि आशियाई क्रीडा स्पर्धेच्या कबड्डीत भारत हरल्याची ती पहिलीच नोंद झाली. एका गुणाचा हा पराभव अपघात म्हणून बाजूला ठेवता आला असता. परंतु २३ ऑगस्टला उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे नमवले, आणि दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनेच भारतावर २७-२४ अशी मात केली. १९९० पासून सलग सात स्पर्धांत पुरुषांचे आणि २०१० पासून सलग दोन स्पर्धांत महिलांचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या देशाच्या हाती त्या आठवड्यात एक रौप्य आणि एक कांस्य एवढेच राहिले.

या प्रकरणाची चर्चा त्या वेळी महाराष्ट्रात घरोघरी झाली, कारण कबड्डी हा आपल्याकडे केवळ पदकांच्या यादीतला खेळ नाही. तेव्हाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे होते की भारतीय संघ गाफील राहिला. माझ्या मते हे स्पष्टीकरण अपुरे आहे. गाफीलपणाने एखादा सामना जातो. एकाच आठवड्यात दोन संघांचे तीन सामने जात नाहीत. जकार्त्यातील निकाल समजून घ्यायचे असतील तर भारताच्या आधीच्या सर्व सुवर्णपदकांकडे पुन्हा पाहावे लागते, आणि ती कोणाविरुद्ध, किती फरकाने आणि किती संघांच्या मैदानात मिळाली होती हे तपासावे लागते.

खेळ आशियाई स्पर्धेपर्यंत कसा पोहोचला

कबड्डीला आशियाई स्पर्धेत स्थान मिळवून देण्यामागे अनेक दशकांची खटपट होती आणि तीत मराठी माणसांचा वाटा मोठा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, त्यांत कबड्डीही होती. महाराष्ट्रात हुतूतू, तमिळनाडूत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू अशा वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या नियमांनी खेळला जाणारा हा खेळ एका नियमावलीखाली आणणे हे पहिले काम होते, आणि ते झाल्याशिवाय देशाबाहेरच्या कोणालाही तो शिकवता येणार नव्हता. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या कामाला आयुष्य वाहिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

पुढची पावले झपाट्याने पडली. १९७८ मध्ये भिलाई येथे आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९७९ मध्ये प्रा. सुंदर राम यांनी दोन महिने जपानमध्ये फिरून तिथल्या तरुणांना खेळाचे धडे दिले. १९८० मध्ये पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कोलकात्यात झाली, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली, १९८५ मध्ये ढाक्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिचा समावेश झाला, आणि १९९० मध्ये बीजिंगला ती आशियाई स्पर्धेतील पदकाचा खेळ बनली.

या क्रमाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. भारताने हा खेळ स्वतःपाशी दडवून ठेवला नाही. उलट तो इतरांनी खेळावा म्हणून माणसे पाठवली, नियम बांधून दिले, संघटना उभ्या केल्या. ज्याने शिकवले त्याला एक दिवस शिष्याशी बरोबरीने झुंजावे लागणार, हे त्या पिढीने मनोमन मान्य केलेले होते. तीच त्यांची इच्छा होती, असेही म्हणता येईल.

पाच स्पर्धा, तीन देश

बीजिंगमध्ये सहा संघ उतरले : भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, जपान आणि यजमान चीन. भारताला सुवर्ण, बांगलादेशाला रौप्य, पाकिस्तानला कांस्य मिळाले. १९९४ ला हिरोशिमात हाच क्रम राहिला. १९९८ ला बँकॉकमध्ये पाकिस्तान दुसरा आणि बांगलादेश तिसरा आला, २००२ ला बुसानमध्ये बांगलादेश पुन्हा वर सरकला, २००६ ला दोहात पाकिस्तानने रौप्य घेतले. म्हणजे सोळा वर्षांत, सलग पाच स्पर्धांत, पदकमंचावर याच तीन देशांचे झेंडे चढले. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेची अदलाबदल झाली.

या पाच सुवर्णपदकांचे मोल कमी करण्याचा हेतू येथे नाही. ज्या खेळाडूंनी मातीच्या मैदानांवर गुडघे फोडून घेतले, रेल्वेत किंवा बँकेत नोकरी सांभाळून पहाटे सराव केला, त्यांच्यासाठी ते पदक सर्वस्व होते. परंतु प्रकरण म्हणून पाहताना हे नोंदवणे भाग आहे की त्या काळातील स्पर्धा ही खऱ्या अर्थाने दक्षिण आशियातील तीन शेजाऱ्यांची स्पर्धा होती. तिघेही एकाच परंपरेतले, तिघांचीही शैली जवळपास सारखी, आणि तिघांत भारताकडे खेळाडूंचा साठा सर्वांत मोठा. वेगळ्या पद्धतीने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याची वेळच भारतावर आली नव्हती. सुवर्णपदकांची संख्या वाढत होती. परीक्षा मात्र तीच राहिली होती.

ग्वांगझू आणि इंचॉन : आकडे काय सांगत होते

२०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत हे चित्र बदलले. नान्शा येथील मैदानावर पुरुषांच्या अंतिम फेरीत भारतासमोर इराण उभा राहिला. भारत ३७-२० असा सहज जिंकला. कांस्यपदके जपान आणि पाकिस्तानला मिळाली, आणि ज्या बांगलादेशाचा कबड्डी हा राष्ट्रीय खेळ आहे, त्याचा पुरुष संघ प्रथमच पदकाविना परतला. महिलांची कबड्डी याच स्पर्धेत पहिल्यांदा खेळली गेली. भारताने थायलंडला २८-१४ असे हरवले आणि पुण्याची दीपिका जोसेफ त्या पहिल्या सुवर्णविजेत्या संघात होती.

चार वर्षांनी, २०१४ मध्ये, दक्षिण कोरियातील इंचॉन येथे दोन्ही अंतिम सामने भारत विरुद्ध इराण असेच झाले. महिलांनी ३१-२१ अशी बाजी मारली. त्या संघात अभिलाषा म्हात्रे आणि किशोरी शिंदे या महाराष्ट्राच्या दोघी होत्या. पुरुषांच्या सामन्यात मात्र मध्यंतराला इराण २१-१३ असा आठ गुणांनी पुढे होता. राकेश कुमारच्या नेतृत्वाखालील संघाने दुसऱ्या डावात एकेक गुण खेचत ती पिछाडी भरून काढली आणि सामना २७-२५ असा जिंकला. ज्यांनी तो पाहिला त्यांना अखेरच्या मिनिटांतील घालमेल आठवत असेल.

२०१० मध्ये सतरा गुणांचा फरक होता, २०१४ मध्ये दोन गुणांचा. चार वर्षांत पंधरा गुणांची दरी बुजली, तीही अशा संघाकडून ज्याला हा खेळ गंभीरपणे खेळायला लागून फार वर्षे झाली नव्हती. मला या संपूर्ण प्रकरणात इंचॉनचा हा निकाल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जकार्त्यात जे घडले त्याची सूचना तिथे गुणफलकावर लिहिलेली होती; परंतु आपण ती रोमहर्षक विजय म्हणून वाचली, सत्कार झाले, आणि पहिल्या डावात इराणने आठ गुणांची आघाडी नेमकी कशाच्या जोरावर घेतली हा प्रश्न मागे पडला.

त्यानंतरच्या निकालांनी हा प्रश्न आणखी दडपला. २०१६ ला अहमदाबादच्या विश्वचषकात उद्घाटनाच्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असा धक्का दिला, पण अंतिम फेरीत भारताने इराणला ३८-२९ असे हरवले आणि कोरियाचा सामना लोक विसरले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इराणच्या गोरगान शहरात झाली. तिथे तर यजमानांचा एकही संघ अंतिम फेरीत पोहोचला नाही, भारताच्या पुरुषांनी पाकिस्तानला ३६-२२ आणि महिलांनी कोरियाला ४२-२० असे हरवले. जकार्त्याच्या दोनच महिने आधी, ३० जून २०१८ रोजी, दुबईच्या कबड्डी मास्टर्समध्ये भारताने इराणला ४४-२६ असे लोळवले. प्रत्येक निकाल स्वतंत्रपणे खरा होता, आणि सगळे मिळून एक खोटा दिलासा देत होते.

इराणची पकड

इराणला कुस्तीची जुनी परंपरा आहे, आणि दम धरून खेळायचा कबड्डीसारखा एक खेळ तिथेही पूर्वीपासून चालत आला आहे. त्यामुळे कमरेत वाकून झुंजणे, प्रतिस्पर्ध्याचा तोल ओळखणे आणि पकडलेला पाय न सोडणे हे त्यांना नव्याने शिकावे लागले नाही. भारतीय कबड्डीचा, विशेषतः दूरचित्रवाणीवर गाजणाऱ्या कबड्डीचा, नायक चढाईपटू असतो. इराणने आपला खेळ पकडीवर उभा केला.

त्यांच्या कोपरारक्षकाचे, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूचे, काम एकदा बारकाईने पाहिले पाहिजे. चढाईपटू निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावीच लागणारी रेषा, ओलांडतो आणि जादा गुण देणाऱ्या, आणखी आतल्या बोनस रेषेकडे पाय टाकतो. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच तो बोनस मिळतो, आणि त्यासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवताना दुसरा हवेत असावा लागतो. म्हणजे त्या निमिषात त्याच्या देहाचा सगळा भार एकाच पायावर असतो. फजल अत्राचलीसारखा डावा कोपरारक्षक अंग झुकवून, हात जमिनीपासून वीतभर वर ठेवून याच निमिषाची वाट पाहतो. घाई करत नाही, फसव्या हालचालीला भुलत नाही. भार पडला की घोटा धरतो, आणि त्याने घोटा धरण्याच्या आतच शेजारच्या दोघांची साखळी चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये उभी राहिलेली असते. एकट्याच्या ताकदीचे हे काम नव्हे. सातही जण एकाच ठोक्यावर हलतात, म्हणून ती पकड निसटत नाही.

जकार्त्याच्या उपांत्य सामन्यात हेच पुन्हा पुन्हा घडले. मध्यंतराला दोन्ही संघ ९-९ असे बरोबरीत होते. दुसऱ्या डावात भारताच्या चढाया एकामागून एक अडकू लागल्या, लोण चढला म्हणजे सगळा संघ बाद झाला, कर्णधार अजय ठाकूर जखमी झाला, आणि इराणने पुढे गेल्यावर सामना हातचा सुटू दिला नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. या नियमाचा आधार घेऊन भक्कम बचाव असलेला संघ प्रतिस्पर्ध्याला त्या तिसऱ्या चढाईपर्यंत ढकलत नेतो आणि तिथे पकडतो. चाळीस मिनिटांत भारताला मिळालेले १८ गुण म्हणजे या पद्धतीच्या यशाचा पुरावा आहे.

आता भारतीय संघाची रचना पाहू. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, रोहित कुमार, मोनू गोयत आणि रिशांक देवाडिगा असे सहा नामवंत चढाईपटू बारा जणांत होते. प्रदीपने प्रो कबड्डी या भारतातील व्यावसायिक लीगच्या २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले होते. मोनूला २०१८ च्या लिलावात १ कोटी ५१ लाखांची बोली लागली होती. निव्वळ बचावपटू मात्र मोजकेच, त्यांत आपला गिरीश इर्नाक, मोहित छिल्लर आणि राजूलाल चौधरी. अनुप कुमार, मनजित छिल्लर यांच्यासारखे २०१६ च्या विश्वचषकातील अनुभवी खेळाडू संघाबाहेर होते. कागदावर हा संघ झळाळत होता, पण सहापैकी जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या व्यावसायिक संघाचा आधारस्तंभ, ज्याच्याभोवती इतर सहा जण खेळतात असा. मैदानात एका वेळी अशा दोघा-तिघांनाच जागा असते, आणि गुण येईनासे झाले की मग बचावालाच सामना सांभाळावा लागतो. इराणच्या बाबतीत बचाव हाच पाया होता; भारताच्या बाबतीत तो उरलेल्या जागा भरण्याचा विषय ठरला, असे माझे मत आहे.

लीगने गुपित विकले का

पराभवानंतर आपल्याकडे एक तक्रार मोठ्याने ऐकू आली : परदेशी खेळाडूंना प्रो कबड्डी लीगमध्ये घेतले, त्यांना आपले डावपेच शिकवले, आणि त्यांनीच आपल्याला हरवले. तक्रारीला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. लीग जुलै २०१४ मध्ये सुरू झाली. फजल २०१५ मध्ये यू मुम्बाकडून खेळू लागला आणि मे २०१८ च्या लिलावात त्याच संघाने त्याच्यासाठी १ कोटी रुपये मोजले. मेराज शेख, अबोझार मिघानी, हादी ओश्तोराक हे इराणी खेळाडूही भारतीय प्रेक्षकांच्या ओळखीचे होते. इराणचा राष्ट्रीय संघ घडवणारे गुलामरझा माझंदरानी त्याच वर्षीच्या हंगामात यू मुम्बाचे प्रशिक्षक झाले. भारताला साखळीत हरवणाऱ्या कोरियाच्या बाजूला जँग कुन ली होता, आणि तो तर पहिल्या हंगामापासून बंगाल वॉरियर्सचा आवडता खेळाडू.

तरीही ही तक्रार मला पटत नाही. फजलने भारतीय चढाईपटूंना वर्षानुवर्षे जवळून पाहिले, हे खरे. पण त्याच मैदानांवर, त्याच सामन्यांत, भारतीय चढाईपटूंनीही फजलला तितक्याच जवळून पाहिले होते. माहिती दोन्ही बाजूंना सारखीच उपलब्ध होती. फरक तिच्या वापरात होता. इराणी खेळाडूंनी लीगमध्ये जे पाहिले ते राष्ट्रीय संघात परतल्यावर एका पद्धतीत बसवले. आपल्याकडे समोरच्या संघाचा असा पद्धतशीर अभ्यास करण्याची गरजच गेल्या अठ्ठावीस वर्षांत कोणाला जाणवली नव्हती. शिवाय महिलांच्या पराभवाला तर लीगचे स्पष्टीकरण लागूच पडत नाही. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, ती पुन्हा भरली नाही. इराणच्या महिलांनी काही शिकले असेल तर ते लीगमधून नव्हे.

नाशिकच्या प्रशिक्षक

ते त्यांनी नाशिकच्या शैलजा जैन यांच्याकडून शिकले. अनेक वर्षे महाराष्ट्रात प्रशिक्षक म्हणून काम केलेल्या शैलजाताईंनी २०१७ च्या सुरुवातीला इराणच्या महिला संघाची जबाबदारी स्वीकारली. अपेक्षा असूनही भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी आपला विचार झाला नाही, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. परका देश, परकी भाषा, वेगळे अन्न आणि वेगळे सामाजिक नियम यांच्याशी जुळवून घेत, स्वतः शाकाहारी असूनही, त्या तिथे राहिल्या, कामापुरती फारसी शिकल्या आणि खेळाडूंच्या दिनक्रमात योगासने व प्राणायाम आणले.

प्राणायामाचा उल्लेख अनेकांनी केवळ कौतुकाचा विषय म्हणून केला, पण कबड्डीत त्याला सरळ अर्थ आहे. तीस सेकंदांच्या चढाईत अखंड ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचे, चपळाईने दिशा बदलायची, आणि अंगावर दोघे-तिघे पडले तरी दम सोडायचा नाही. ज्या खेळाडूचे श्वासावर नियंत्रण आहे तिचे डोके शेवटच्या पाच सेकंदांत शाबूत राहते. २०१७ च्या नोव्हेंबरात गोरगानला हा संघ अंतिम फेरीही गाठू शकला नव्हता. नऊ महिन्यांनी जकार्त्याच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत १३-११ असा पुढे होता आणि तरीही इराणच्या मुलींनी धीर सोडला नाही. भारतीय संघात त्या दिवशी सायली केरीपाळे आणि सोनाली शिंगटे या महाराष्ट्राच्या खेळाडू होत्या. समोरच्या बाकावर महाराष्ट्राच्याच प्रशिक्षक बसल्या होत्या.

शैलजाताईंनी देशाविरुद्ध काम केले असा सूर तेव्हा काहींनी लावला. तो अन्यायाचा होता. १९७९ मध्ये जपानला गेलेल्या प्राध्यापकांनी जे केले तेच त्यांनी केले, आणि एका प्रशिक्षकाला आपली योग्यता सिद्ध करायला परदेशात जावे लागत असेल तर प्रश्न तिला विचारायचा नसतो.

दिल्लीतील घडामोडी

संघ जकार्त्याला निघण्याच्या सुमारास देशांतर्गत कारभाराचीही घडी विस्कटलेली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघातील तहहयात अध्यक्षपद आणि तत्कालीन अध्यक्षांची निवड रद्द ठरवून प्रशासक नेमला. त्याच सुमारास निवडीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करणाऱ्या याचिकेवर न्यायालयाने एक अभूतपूर्व आदेश दिला : स्पर्धा संपल्यावर, १५ सप्टेंबरला, आशियाई स्पर्धेसाठी गेलेला संघ आणि वगळलेले खेळाडू यांच्यात एका निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली सामना खेळवावा. ठरलेल्या दिवशी वगळलेले खेळाडू दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये हजर झाले. आशियाई स्पर्धेचा संघ आला नाही.

आरोप खरे होते की खोटे, हा न्यायालयाचा विषय होता. प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की निवड कशी होते हे खेळाडूला कळत नसेल, तर संघाच्या रचनेवर वेळीच प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. सहा चढाईपटू आणि मोजके बचावपटू हा समतोल योग्य आहे का, ही चर्चा जकार्त्याच्या आधी व्हायला हवी होती. ती नंतर, आणि न्यायालयाच्या आवारात झाली.

हांगझोऊ : पुढचा अध्याय

करोनामुळे एक वर्ष लांबलेली पुढची स्पर्धा २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ येथे झाली आणि दोन्ही सुवर्णपदके परत आली. निकालाची ही ओळ वाचून समाधान मानणे म्हणजे इंचॉनचीच पुनरावृत्ती होईल, म्हणून ते सामने कसे झाले हे पाहिले पाहिजे.

महिलांच्या साखळीत चायनीज तैपेईने (म्हणजे तैवानने) भारताला ३४-३४ असे बरोबरीत रोखले. उपांत्य फेरीत रितू नेगीच्या संघाने नेपाळला ६१-१७ असे हरवले आणि ७ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा तैपेईशी गाठ पडली. तो भारताने २६-२५ असा एका गुणाने जिंकला. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक होते, त्यामुळे देशभर जल्लोष झाला, आणि संघात असलेल्या पुण्याच्या स्नेहल शिंदेचे घरी परतल्यावर जंगी स्वागत झाले. इराणला या वेळी नेपाळसोबत कांस्यपदक मिळाले. म्हणजे प्रतिस्पर्धी बदलला, अंतर मात्र जकार्त्याइतकेच चिंचोळे राहिले.

पुरुषांच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराणच होता. पवन सेहरावतच्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. उपांत्य फेरीत पाकिस्तानला ६१-१४ असे चिरडून आलेल्या या संघाला इराणने शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत २८-२८ असे जखडून ठेवले. मग पवनची तिसरी, गुण घ्यावाच लागणारी चढाई आली. तो कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला अडवण्यासाठी इराणचे बचावपटूही त्याच्यामागे तिथे उतरले.

मैदानाच्या दोन्ही कडांना असलेली मीटरभर रुंदीची ही पट्टी स्पर्श झाल्यावरच खेळाचा भाग बनते. स्पर्शाआधी तिच्यात पाय टाकणारा बाद. मग फक्त चढाईपटू बाद, की त्याच्यामागे आलेले बचावपटूही? जुन्या आणि नव्या नियमाचे उत्तर वेगळे होते. एका अर्थाने दोन्ही संघांना एकेक गुण मिळत होता, दुसऱ्या अर्थाने भारताला चार आणि इराणला एक. पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा बदलला; खेळाडू मॅटवर बसून राहिले; सुमारे तासभर सामना थांबला. अखेर भारताच्या बाजूने निर्णय लागला आणि सामना ३३-२९ असा संपला.

भारताची बाजू नियमात बसत होती, असेच मी मानतो. परंतु आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेमका कोणता नियम लागू आहे याबद्दल पंचांमध्येच एकवाक्यता नसणे ही खेळाच्या पालकांसाठी गंभीर बाब आहे. एकेकाळी हुतूतू, चेडुगुडू आणि हाडुडू यांचे वेगवेगळे नियम एका पुस्तकात आणण्यासाठी बुवा साळवींच्या पिढीने वर्षे घालवली. लीगचे नियम आणि आंतरराष्ट्रीय नियम यांच्यात पुन्हा तशीच फट पडू देणे परवडणारे नव्हते, आणि तिचा लाभ या वेळी आपल्याला झाला म्हणून ती लहान ठरत नाही.

१९९० ते २०२३ या काळातील नऊ स्पर्धांत पुरुषांनी आठ सुवर्ण आणि एक कांस्य, तर महिलांनी चार स्पर्धांत तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले आहे. अकरा सुवर्णपदकांपैकी पहिली पाच ओळखीच्या तीन शेजाऱ्यांच्या मैदानातून आली. शेवटची दोन एकाच दिवशी, एका गुणाच्या आणि एका वादग्रस्त चढाईच्या अंतरावरून. २०१० पासून इराणने दोन सुवर्णपदके घेतली, कोरिया आणि तैपेईने अंतिम फेरी गाठली, थायलंड, नेपाळ आणि जपान पदकमंचावर चढले.

पुढची आशियाई स्पर्धा २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानच्या आइची-नागोया येथे ठरली असून तिच्या कार्यक्रमात कबड्डी आहे. सुंदर राम सरांनी १९७९ मध्ये ज्या देशात दोन महिने फिरून तरुणांना हा खेळ समजावून सांगितला, त्याच देशाच्या मॅटवर भारताचे दोन्ही संघ आपली सुवर्णपदके राखायला उतरतील.